हिरव्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह

शनिवार, २ फेब्रुवारी २०१३, राबिघ

आज माझी खुर्ची गेली. खुर्ची स्टोअरमध्येच आहे, पण तिच्यावर नबील बसला. सकाळी मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, त्याला घेऊन आले. म्हणाले, "कादिर, हा नबील. महिनाभरात याला सगळं शिकव." मी उठून सलाम केला, हात मिळवला. परत बसायला वळलो तर खुर्ची भरलेली. मुद्दाम बसला नसेल. पण उठलाही नाही.

निताकातमध्ये, म्हणजे सौदी माणसं किती भरली याच्या सरकारी हिशेबात, कंपनी लाल रंगात आली आहे. सौदी माणसं भरली नाहीत तर कुणाचाच इकामा, इथे राहायचा परवाना, नवा होणार नाही, हे मला समजतं. माझा इकामा सहा मार्चला संपतो. वय बासष्ट. एकोणतीस वर्षं या देशात, त्यातली चौदा या स्टोअरमध्ये. तेही समजतं. समजत नाही ते एवढंच, की चौदा वर्षांत मुदीर मला चहाला कधी म्हणाले नाहीत, आणि नबीलला पहिल्याच दिवशी म्हणाले.

पोरगा चोवीस वर्षांचा. राबिघचाच. त्याचं अत्तर गास्केटच्या रॅकपर्यंत येतं. माझ्या स्टोअरला चौदा वर्षं ग्रीसचा वास होता.

ब्लडप्रेशरची गोळी दोनदा घेतली की काय, आठवत नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

नबील मला 'या अम्म' म्हणतो. म्हणजे चाचा. हिंदी मोडकीतोडकी येते, माझी अरबीही तशीच, त्यामुळे काम चालतं.

आज त्याच्या आईने मोठं ताट भरून मासे-भात पाठवला. दुपारी सगळे तुटून पडले. शारीक, माझा रूममेट, श्रीवर्धनचा, क्रेनवर आहे. दर शुक्रवारी माझ्या हातचं सुरमईचं कालवण खातो आणि बोटं चाटतो. आज म्हणाला, "चाचा, मासा असा असतो. आपण इतकी वर्षं काय खाल्लं?"

"खाताना बोलला नाहीस," मी म्हटलं.

"खाताना तोंडात काटे होते, चाचा."

सगळे हसले. नबीलला शब्द कळला नाही, तरी तोही हसला. मी भात थोडाच घेतला. चांगला होता. लिहून ठेवतो, म्हणजे मी खोटं लिहितो असं होणार नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

जुम्म्याच्या नमाजानंतर नेहमीप्रमाणे कुबराला ऐकलं. शारीक बाहेर गेला की मी ऐकतो.

झेबाचा फोन आला होता. माझी एकुलती मुलगी. सातवा महिना आहे तिला. म्हणाली, "अब्बा, सोनं नको, ब्लँकेट नको. येताना फक्त अम्मीचा आवाज आणा. माझ्या बाळाला ऐकवायचा आहे." कुबरा गेली तेव्हा झेबा नऊ वर्षांची होती. तिला आईचा आवाज आठवत नाही. आवाज फक्त माझ्याकडे आहे.

कुबराला लिहिता येत नव्हतं. तेव्हा आमच्याकडच्या सगळ्यांचं असंच चालायचं. बायको कॅसेटवर बोलायची, सुट्टीवरून येणारा कुणीतरी ती घेऊन यायचा. आपण ऐकायची, त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायचं आणि जाणाऱ्याबरोबर परत पाठवायची. नवी कॅसेट कोण घेणार? एकच कॅसेट आमचं बाणकोट ते ताइफ, जिथे मी तेव्हा कामाला होतो, दहा-दहा वेळा फिरायची. ती माझ्यावर बोलायची, मी तिच्यावर. त्यामुळे तिची सगळी बोलणी मीच माझ्या हाताने पुसली. राहिल्या फक्त पाच कॅसेटा. ज्यांचं उत्तर मी द्यायचं टाळलं, त्या पाच.

दोन वर्षांपूर्वी टेप चिकटायला लागल्या. तेव्हा इथे शिरीष साहेब होते, पुण्याचे इंजिनीअर. त्यांनी दोन सुट्ट्या घालवून सगळं एका पेन ड्राइव्हवर घेतलं आणि बदली होऊन गेले. कॅसेटा मी फेकल्या. पेन ड्राइव्ह कंपनीने सर्वांना वाटलेला तांबडा. हरवू नये म्हणून त्याच्या भोकात हिरवा दोरा बांधला आहे. रूममधल्या रेडिओला लावला की ती बोलते.

पण कुबराची एक खोड होती. एका बाजूला तीस मिनिटं असताना ही वीस मिनिटांतच "खुदा हाफिज" म्हणायची. मला तेव्हा राग यायचा. नवऱ्याशी बोलायला दहा मिनिटं जास्त नाहीत? खुदा हाफिज झालं की मी लगेच बंद करतो. पुढे नुसती खरखर असते.

रविवार, १० फेब्रुवारी

मुदीर म्हणाले, मालाची पूर्ण यादी आणि प्रत्येक कप्प्याचा फोटो नबीलला पेन ड्राइव्हवर दे. यादी माझ्या डोक्यात आहे. ती काढून दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं?

यादी केली. पण अकरा वस्तू लिहिल्या नाहीत. चार इंची जुने वॉल्व कुठल्या पेटीत आहेत, स्टीलची गास्केटं लेबल नसलेल्या कपाटात का आहेत, असल्या गोष्टी. अडले की मला फोन करतील. करू देत.

कुबराचा पेन ड्राइव्ह किल्ल्यांना लावलेला असतो. नबीलने दोरा पाहिला. "या अम्म, हे काय, ताईत?" म्हणून हसला.  माझ्या बायकोची गोष्ट त्याला का सांगू? रूमवर येऊन दोरा कापून टाकला. उद्या परत विचारायला नको.

सोमवार, ११ फेब्रुवारी

फोटो आणि यादी पेन ड्राइव्हवर मी स्वतः भरली. नबील म्हणाला होता, मी करून देतो. म्हटलं, मला येतं. तो दुपारच्या नमाजाला गेल्यावर बसलो. आधी जागा नाही असं आलं. कंपनीच्या नव्या पेन ड्राइव्हवर पण काहीतरी कचरा असतोच, शारीकने एकदा सांगितलं होतं, फॉरमॅट केलं की साफ होतो. केला. मग सहाशे फोटो सरसर गेले.

नबील आला तर काम झालेलं. "मा शा अल्ला," म्हणाला. त्याने कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि पेन ड्राइव्ह मला परत दिला. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असं वाटतं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

रेडिओला लावला. काही नाही. काढून परत लावला. काही नाही. यादीसाठी काढलेला दुसरा तांबडा ड्रॉवरमध्ये होता, तो लावला. तो कोराच निघाला.

कुबरा नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

 शारीकला सांगितलं की नबीलने माझा पेन ड्राइव्ह पुसला. त्याने उतरवून घेताना काहीतरी केलं असणार. एवढा वेळ हातात होता त्याच्या. शारीक म्हणाला, "पण चाचा, त्याने का करावं?"

"खुर्ची घेतली, आता सगळंच घ्यायचंय त्याला."

शारीकच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे मला माहीत आहे. माहीत असून सांगितलं.

रविवार, १७ फेब्रुवारी

नबीलच्या कानावर गेलंच. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "या अम्म, पेन ड्राइव्ह दे. त्यानंतर त्याच्यावर काही भरलंस का?" म्हटलं, नाही. "चांगलं केलंस. आता हात लावू नकोस."

त्याने स्वतःचा लॅपटॉप आणला. पेन ड्राइव्ह लावला, काहीतरी उघडून बघितलं. तिथे तारीख आणि वेळ होती, सोमवार, दुपारी पाऊण. थोडा वेळ त्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं आणि ती खिडकी बंद केली.  काय बघितलं कोण जाणे.

मी विचारलं, गेलं ना सगळं? त्यावर त्याने मला समजेल असं सांगितलं, हे मान्य करायला हवं. म्हणाला, "कप्प्यावरचं कार्ड फाडलं म्हणजे कप्प्यातला माल जातो का?"

"नाही. माल तिथेच असतो. फक्त सापडत नाही."

"फॉरमॅट म्हणजे सगळी कार्डं फाडली. माल आहे. पण मग आपण सहाशे फोटो आणून कप्प्यात टाकले. ज्या कप्प्यात पडले तिथला जुना माल खलास. बाकीच्यात असेल. मी प्रत्येक कप्पा उघडून बघतो."

'आपण' म्हणाला तो. 'मी' नाही, 'तू' नाही.

मग काय होतं विचारलं. सांगावं लागलं. बायकोचा आवाज. त्याने माझ्या किल्ल्यांकडे बघितलं. दोऱ्याचं आठवलं असावं.

बुधवार, २० फेब्रुवारी

लॅपटॉप तीन दिवस घरघरतोय. नबील घरी घेऊन जातो, सकाळी आणतो. सापडतात ते माझेच फोटो, बोल्ट, फ्लँज, वेल्डिंगच्या सळ्या. आज एक तुकडा आवाजाचा मिळाला. त्यात नुसता कोंबडा.

बाणकोटचा कोंबडा. पण आधी त्याने ऐकला. हेच मला सहन होत नाही. कुबरा सापडली तर तिचा आवाज पहिल्यांदा याच्या कानात जाणार. हयातीत ती परक्यासमोर मोठ्याने बोलली नाही. मी म्हटलं, "सापडलं की तू ऐकू नकोस. मला दे."

"या अम्म, मला तुमची भाषा कळत नाही."

"तरी ऐकू नकोस."

त्याने हेडफोन काढून माझ्यापुढे ठेवला आणि पडद्यावरच्या रेघा बघून काम करत राहिला. शारीक म्हणतो, चाचा, पोरगं हिरा आहे. शारीकला सगळेच हिरे दिसतात, मी सोडून.

शनिवार, २३ फेब्रुवारी

सापडली.

पाच कॅसेटांच्या दहा बाजूंतला एकच मोठा तुकडा मिळाला. सुरुवात गेली आहे. नबील म्हणाला, फाइलचं डोकं गेलं, धड आहे, मी दुसरं डोकं बसवलं. हेडफोन मला दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

अकरा मिनिटं. "...मागल्या दारच्या फणसाला सतरा धरलेत. तुमच्या भावानं चार मागितले, मी दोन दिले. झेबा तुमचा फोटो घेऊन झोपते, फोटोचा कोपरा खाल्लान तिनं. माझी काळजी करू नका. पण चौकशी करायला काय पैसे पडतात?" मग तिचं ते हसणं, नाकातलं. मग खुदा हाफिज.

मी रडलो ते लिहीत नाही.

एरवी तिथे मी बंद करतो. आज लॅपटॉपचं बटण मला सापडेना, म्हणून पुढे चालू राहिलं. खरखर. कोंबडा. बऱ्याच वेळाने खट्ट आवाज झाला आणि एक पुरुष बोलला.

"कुबू, ए कुबू, ऐकतेस ना?" आणि हसला.

मी हेडफोन ओढून काढला.

रविवार, २४ फेब्रुवारी

कुबू.

मी तिला नावाने हाक मारली नाही. घरात माझी आई, वडील, भाऊ. मी "अगं" म्हणायचो. कुबू कोण म्हणत होतं?

आवाज तरण्या माणसाचा. भरलेला, मस्तीतला. मागे बाजाराचा गलका, कुणीतरी गिऱ्हाइकं बोलावत होतं. आमच्या घरात टेपरेकॉर्डर नव्हता. ती बाजारातल्या दौलतकडून आणायची. दौलत रेडिओवाला. दुकानात बसून गाणी म्हणायचा. दात चांगले होते.

त्याला मरून आठ वर्षं झाली. मयतीला मी शंभर रियाल पाठवले होते.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

झेबाला फोन केला. आवाज सापडला म्हणून सांगितलं नाही. आडून विचारलं, दौलत आपल्या घरी यायचा का गं?

"कोण, रेडिओवाले चाचा? यायचे की. टेप बिघडला की यायचे. मला गोळ्या द्यायचे. का हो अब्बा?"

"काही नाही. असंच."

टेप बिघडला की यायचा. टेप किती वेळा बिघडतो? मी इथे पन्नास डिग्रीत पाइप उचलत होतो आणि तिथे टेप बिघडत होता. माझ्याशी वीस मिनिटं. उरलेली दहा कुणासाठी होती, ते आता कळलं.

जेवलो नाही. नबीलने विचारलं, या अम्म, खूश नाहीस? त्याला काय सांगू. तो चोवीस वर्षांचा आहे, त्याचा आवाजही तसाच भरलेला आहे. त्याच्याकडे बघितलं तरी दौलत दिसतो.

शनिवार, २ मार्च

आज नबीलला सांगितलं, त्या तुकड्याचा शेवट कापून टाक. खुदा हाफिजनंतरचं सगळं पुसून टाक. मुलीला द्यायचं आहे.

"का?"

"दुसऱ्या माणसाचा आवाज आहे."

"कुणाचा?"

गप्प बसणार होतो. पण आठ दिवस पोटात ठेवून मी आजारी पडायची वेळ आली होती. सांगितलं. आमच्या गावात एक रेडिओ दुरुस्त करणारा होता.

नबील म्हणाला, "पुसलं की पुन्हा मिळणार नाही. पुसण्याआधी मला ऐकू दे. तू नको म्हणालास म्हणून मी ऐकलं नव्हतं." मी मान हलवली. आता काय झाकायचं उरलं होतं?

त्याने ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "या अम्म, तुमच्या गावात आमची अरबी बोलतात?"

"नाही."

"तुमच्या गावातून ताइफला बस जाते?"

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला, आवाज वाढवला आणि बोट वर केलं. मी गलका समजत होतो त्यात एक माणूस ओरडत होता. ताइफ, ताइफ, यल्ला, एक जागा आहे, ताइफ.

"हा जेद्द्याचा ड्रायव्हर आहे," नबील म्हणाला. "माझे आजोबा असेच ओरडायचे. आता पुढचं ऐक. तू अर्ध्यात सोडलंस."

ऐकलं. तोच तरणा माणूस. "कुबू, ए कुबू, ऐकतेस ना? बस सुटायला वेळ आहे, म्हणून इथेच बोलतोय. रूममध्ये सगळे कान लावून बसतात. हे बघ, यंदाच्या ईदला येतो. नक्की. नाही आलो तर माझं हे बोलणं पुसू नको, हीच कॅसेट मला परत पाठव आणि विचार, हा कोण बोलतोय म्हणून."

नबीलने हेडफोन काढून घेतला. भाषा कळत नाही त्याला. म्हणाला फक्त, "हसण्यात खोकला आहे. तुझाच आहे. मी महिनाभर ऐकतोय."

आठवलं. एकोणीसशे नव्वद. नवा टेप जेद्द्यात घेतला होता, बसस्टँडवर बसून पहिल्यांदा वाजवून बघितला होता. चारचौघांत जे नाव घेता येत नव्हतं, ते त्या डब्यात घेत होतो.

त्या ईदला ओव्हरटाइम निघाला. मी गेलो नाही. तिने कॅसेट परत पाठवली. मी खुदा हाफिजपर्यंत ऐकली आणि उत्तर दिलं नाही.

रविवार, ३ मार्च

झेबाला फोन केला. सगळं सांगितलं, दौलतचं सोडून.  ती म्हणाली, "अब्बा, आता आठवतंय. मला खूप बोलायचं असायचं त्या टेपमध्ये. अम्मी मध्येच बटण दाबायची. मी रडायचे. म्हणायची, बस झालं, पुढे अब्बा आहेत."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"मी लहान होते. मला वाटायचं, तुम्ही डब्यातच पुढे कुठेतरी बसलेले आहात."

फोन ठेवल्यावर शारीकला सांगितलं की पेन ड्राइव्ह मी स्वतः पुसला होता. तो म्हणाला, "ते सगळ्या कॅम्पला माहीत आहे, चाचा. नबीलच म्हणाला होता, म्हाताऱ्याला कुणी बोलू नका."

मला वाटलं होतं आता त्या पोराचा हेवा करायचं एक तरी कारण कमी होईल. वाढलं.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी नबीलला घेऊन त्या अकरा वस्तू दाखवल्या. लेबल नसलेलं कपाट उघडलं. "यादीत नव्हतं," तो म्हणाला. "नव्हतं," मी म्हटलं. त्याने लिहून घेतलं. खुर्चीत तोच बसला होता, पण आज उठून मला बसवलं आणि स्वतः पेटीवर बसला.

पेन ड्राइव्ह आता दोन केले आहेत. दोन्हींना दोरा बांधला, हिरवा मिळाला नाही, पांढरा बांधला. नबीलला विचारलं, माझं बोलणं यात घालता येईल का? तिच्या आधी. त्याने फोन पुढे धरला आणि तोंड फिरवून बसला.

तेवीस वर्षांनी उत्तर द्यायचं. म्हटलं, कुबू, तुझी कॅसेट मिळाली. फणस दोनच दिलेस ते बरं केलंस. भाऊ माजला होता. तू विचारलंस, हा कोण बोलतोय. आठ दिवस मीही तेच विचारत होतो. मी त्या माणसाला शिव्या घातल्या, कुबू. खरं सांगतो, त्याचा मला अजून हेवा वाटतो. तू त्याच्यासाठी जागा ठेवलीस. मी उद्या निघतो. ईद नाही, काही नाही, असाच येतो. खुदा हाफिज.

नबील वळला. "एवढंच? अजून बोल, या अम्म. जागा खूप आहे."

"नको," मी म्हटलं. "पुढे ती आहे."